सतराव्या लेण्यांतील अनामिक

ग्रीक लोकांच्या मातीच्या भांड्यांवरील चित्रांचा विषय मराठी मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. अथेन्सच्या कुंभारवाड्यांत अडीच हजार वर्षांपूर्वीं भाजलेला एक रांजण, आणि वाशीमच्या वाकाटक राजाच्या मांडलिकानें अजिंठ्यास कोरविलेलें एक लेणें, यांचा वरवर पाहतां कांहींच संबंध नाहीं. परंतु ज्या एका युक्तीनें त्या रांजणावरील चित्रकाराला मृत्यूनंतर दोन सहस्रांहून अधिक वर्षांनीं ओळख मिळाली, ती युक्ती आपल्या भिंतींना लावून पाहण्याचें धाडस आपण कां करूं नये, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो नीट विचारावयाचा तर प्रथम ती युक्ती काय हें सांगितलें पाहिजे.

ख्रिस्तपूर्व ५३० च्या सुमारास अथेन्समधील कुंभारांनीं एक उलटापालट केली. तोंवर ते तांबड्या मातीवर काळ्या आकृती भरीत आणि आंतील बारकावे टोकदार हत्यारानें कोरीत. आतां त्यांनीं पार्श्वभूमि काळी करून आकृती मातीच्या तांबड्या रंगांतच सोडल्या. त्यामुळें कोरणी जाऊन हातांत कुंचला आला, आणि स्नायू, पापणी, वस्त्राची चुणी हें सारें वाहत्या रेषेनें काढतां येऊं लागलें. या पद्धतीच्या हजारों भांड्यांपैकीं फारच थोड्यांवर चित्रकाराचें नांव आहे. युथिमिदीस नामक एकानें तर, असें काम युफ्रॉनिओसच्या हातून कधीं झालें नसतें, अशा अर्थाची फुशारकी भांड्यावरच लिहून ठेविली आहे! पण हे अपवाद झाले. बाकीचे सारे मुके. ऑक्सफर्डचे पंडित जॉन बीझली (१८८५–१९७०) यांनीं १९११ मध्यें बर्लिनच्या संग्रहालयांतील एक उंच भांडें विवेचनास घेतलें. त्यावर हर्मीस देव, त्याला बिलगून एक सॅटिर, म्हणजे अश्वपुच्छ असलेला वनचर, आणि दोहोंमध्यें हरणाचें एक पाडस अशा आकृती आहेत; भोंवतीं निव्वळ काळोख. सही नाहीं. बीझलींनीं त्या आकृतींचा घोटा, कान, छातीची रेषा, वस्त्राचा कांठ हीं डोळ्यांत सांठविलीं आणि देशोदेशींच्या संग्रहांतून तोच घोटा, तोच कान हुडकून काढिला. आज त्या एका हाताचीं म्हणून दोनशेंहून अधिक भांडीं गणलीं जातात. त्या मनुष्याचें नांव अद्याप कोणासच ठाऊक नाहीं. पंडित त्याला 'बर्लिन-चित्रकार' म्हणतात, आणि तो बर्लिनला कधीं गेला नाहीं म्हणून कोणी हंसत नाहीं.

बीझलींच्याहि पूर्वीं मोरेल्ली नांवाच्या एका इटालियन गृहस्थानें हा विचार मांडला होता. वैद्यकाचें शिक्षण झालेला हा मनुष्य चित्राकडे वैद्याच्याच नजरेनें पाही. त्याचें म्हणणें असें कीं, मुखाचा भाव, हातांची ठेवण, आकृतींची मांडणी येथें चित्रकार सावध असतो. तेथें तो गुरूचें अनुकरण करतो, यजमानाची मर्जी राखतो. पण कानाची पाळी किंवा नखाची कड काढतांना त्याचें लक्ष नसतें, हात संवयीनें चालतो. म्हणून मनुष्य सांपडावयाचा तर तो कानांत सांपडतो, डोळ्यांत नव्हे.

ही युक्ती आम्हांस मुळींच परकी वाटली नाहीं. हिवरखेडास आमच्या लहानपणीं लग्नघराच्या दाराच्या दोहों बाजूंस चुन्यावर हत्ती आणि भालदार काढण्याची रीत होती. काढणारे दोघे-तिघेच, त्यांपैकीं कोणीहि खालीं नांव घालीत नसे. तरी वरात गांवांतून फिरतांना म्हाताऱ्या बायका सोंडेच्या वळणावरून बिनचूक सांगत कीं हा हत्ती अमक्याचा. एकाची सोंड खालीं येऊन आंत वळे, दुसऱ्याची बाहेर. हत्तीच्या अंगावरील झूल मात्र दोघांचीहि सारखीच, कारण ती यजमानाच्या ऐपतीप्रमाणें काढावयाची. मोरेल्लीचें सगळें शास्त्र या एका वाक्यांत आलें!

आतां अजिंठ्याकडे वळूं. वाघोरा नदीच्या नालाकृति कड्यांत तीस लेणीं आहेत. त्यांतील नववें-दहावें यांसारखीं थोडीं ख्रिस्तपूर्व काळांतील. बाकीचीं बहुतेक ख्रिस्ताच्या पांचव्या शतकांतील. या दुसऱ्या कालखंडाशीं वऱ्हाडचा संबंध किती निकटचा आहे हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसतें. १९३९ मध्यें वाशीमला सांपडलेल्या ताम्रपटानें वाकाटकांची एक निराळी शाखा वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथें नांदत होती हें स्पष्ट झालें; आणि हरिषेण हा याच शाखेंतला. त्याचा मंत्री वराहदेव यानें सोळावें लेणें करविलें, व त्याच्या एका मांडलिक राजानें सतरावें. हे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं वाकाटकांच्या इतर लेखांसह १९६३ च्या आपल्या बृहद्ग्रंथांत संपादून ठेविले आहेत. सतराव्या लेण्यांतील लेख वाचतांना मन हळहळतें. रविसांब नांवाचा धाकटा भाऊ वारला, त्या शोकांत थोरल्या भावाला संसाराची अनित्यता पटली आणि त्यानें हें पुण्यकर्म आरंभिलें, अशी ती हकीकत आहे. दुःख करणारा कोण, मेलेला कोण, राज्य कोणाचें, मंत्री कोण, हें सारें पाषाणावर कोरलेलें आहे. सव्विसाव्या लेण्यांतील लेखांत तर बुद्धभद्र या भिक्षूनें कामावर देखरेख करणाऱ्या धर्मदत्त व भद्रबंधु यांचींहि नांवें आवर्जून घातलीं आहेत. भिंती ज्यांनीं रंगविल्या त्यांच्याविषयीं मात्र कोठेंहि एक अक्षर नाहीं.

या मौनाचा अर्थ आपण ठराविकपणें लावीत आलों आहों. 'भारतीय कलावंत निरहंकारी होता. त्यानें कला देवाला वाहिली, स्वतःचें नांव पुसून टाकलें,' हें वाक्य आम्हीं इतक्या व्यासपीठांवरून ऐकिलें आहे कीं त्याचा उगम शोधण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आमच्या मतें हें वाक्य खोटें आहे, आणि तें खोटें ठरविण्यास महाराष्ट्राच्या बाहेरहि जावें लागत नाहीं. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत दर्शनी भागावरील एका मूर्तीपाशीं लेख आहे, त्यांत कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें असें स्वच्छ लिहिलें आहे. पितळखोऱ्यास सांपडलेल्या, हल्लीं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत असलेल्या यक्षाच्या हातावर कण्हदास नांवाच्या सोनारानें आपलें नांव कोरिलें आहे. आणि नुसतें नांव नव्हे, धंदाहि. हे दोघे अजिंठ्याच्या उत्तरकालीन चित्रकारांहून कित्येक शतकें आधींचे. तेव्हां ज्या सह्याद्रीच्या खडकांत शिल्पी आपलें नांव घालूं शकत होता, तेथेंच पुढें चित्रकाराला एकाएकीं वैराग्य झालें असें मानावयाचें काय?

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर कोरलेल्या लेखांप्रमाणें कुंचल्यानें रंगविलेले लहान लहान लेखहि आहेत. कोठें अमुक शाक्यभिक्षूचें हें दान असें म्हटलें आहे, कोठें चित्रांतील पात्राचें नांव दिलें आहे. सतराव्या लेण्यांत शिबिराजाच्या चित्रापाशीं 'शिबि' असें नांवच घातलेलें आहे, आणि दुसऱ्या लेण्यांत आर्यशूराच्या जातकमालेंतील श्लोक लिहिलेले आहेत. लिहिणारा निराळा असेल, नाहीं असें नाहीं. पण कुंचला, रंग आणि भिंत हीं तर चित्रकाराच्याच कामांतलीं. म्हणजे त्याच भिंतीवर, त्याच रंगानें, दात्याचें नांव आलें, कथेंतल्या राजाचें आलें, आणि कथा डोळ्यांसमोर उभी करणाऱ्याचें तेवढें आलें नाहीं. याला विनय म्हणणें म्हणजे ज्याला पंगतींत बसूंच दिलें नाहीं त्याच्या उपवासाचें कौतुक करणें होय. ग्रीसमध्यें तरी वेगळें काय होतें? तेथेंहि हातानें काम करून पोट भरणारा हलकाच समजला जाई. शिवाय मायकेल व्हिकर्स व डेव्हिड गिल या दोघां अभ्यासकांनीं १९९४ मध्यें ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं तीं मातीचीं भांडीं त्या काळीं स्वस्त मालच होता, आणि खरी किंमत चांदीच्या भांड्यांना होती. असेल. तरी त्या स्वस्त मालावरचा घोटा कोणाचा, हें विचारण्यास बीझलींस लाज वाटली नाहीं.

मग आपण तरी कां विचारूं नये? याला खरोखरीच कांहीं अडचणी आहेत, आणि त्या लपविण्यांत अर्थ नाहीं.

पहिली अशी कीं रांजण एकट्याचा असतो, भिंत एकट्याची नसते. अजिंठ्याच्या खडकावर प्रथम माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग तांबड्या गेरूनें आंखणी, मग रंग भरणें, आणि सरतेशेवटीं गडद रेषेनें आकृती पक्की करणें, असा क्रम होता. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना हे रंग जवळपासचे; निळा राजावर्त मात्र दूर बदक्षानकडून येई. एवढ्या पायऱ्यांत चार माणसांचे हात लागणें अपरिहार्य होतें. म्हणून रंगावरून किंवा मांडणीवरून हात ओळखूं जाणें व्यर्थ आहे. पाहावयाची ती शेवटची रेषा. आपल्या जुन्या चित्रशास्त्रांत आचार्य रेषेचीच प्रशंसा करतात व इतर जन दागिन्यांची आणि रंगांची, असें जें सांगितलें आहे, तें केवळ रसिकतेची प्रतवारी लावण्यासाठीं सांगितलें नसावें. कारखान्यांत उस्तादाचा हात कोठें पडतो याचीहि ती खूण आहे, असें आम्हांस वाटतें.

दुसरी अडचण आपल्याच काळानें घातलेली आहे. १८१९ मध्यें जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें दहाव्या लेण्यांत शिरून खांबावरच्या चित्रावर आपलें नांव खरडलें (अजिंठ्यांत चित्रावर नांव घालणारा सांपडला तो हा!), आणि तेव्हांपासून ही चित्रें पाहणाऱ्यांच्या प्रेमाचा मारा सोशीत आलीं आहेत. मेजर रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून नव्या नकला करविल्या, त्यांतील पुष्कळ १८८५ मध्यें पुन्हां लंडनलाच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. नकलेसाठीं चित्र उजळ दिसावें म्हणून भिंतींवर रोगण फिरविलें गेलें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें बोलाविलेल्या इटालियन कारागिरांनींहि लाखेचा हात दिला. तें सारें काळांतरानें पिंवळें झालें. तेव्हां अजिंठ्याच्या 'सोनेरी उबदार छटे'वर ज्यांनीं लेख लिहिले, त्यांनीं थोडें रोगणाचेंहि कौतुक केलें असा संभव आहे. रोगणाखालची रेषा मात्र बहुतेक ठिकाणीं जशीच्या तशी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचें १९३२ चें पुस्तक, यझदानी यांचे १९३० ते १९५५ पर्यंत निघालेले मोठे खंड, आणि १९९० नंतर बिनॉय बहल यांनीं मंद प्रकाशांत घेतलेलीं छायाचित्रें हीं शेजारीं ठेवून पाहिलीं कीं हें लक्षांत येतें.

इतकें सांगितल्यावर सतराव्या लेण्यांत शिरण्यास हरकत नाहीं. आंत विश्वंतराची कथा लांबच लांब पसरलेली आहे. मागेल त्याला मागेल तें देणारा हा राजपुत्र. राज्याचा हत्ती देऊन बसला म्हणून वनवासास गेला, आणि तेथें मुलेंहि देऊन टाकलीं. तीं मागून नेणारा ब्राह्मण जूजक. या जूजकाचें तोंड एकदां पाहिलें कीं विसरतां येत नाहीं. विरळ दाढी, तुटके दांत, लोभानें चाळवलेला ओंठ. मुलांच्या आजाकडून द्रव्य पदरांत पडतांना त्याच्या सर्वांगांतून वाहणारें समाधान. अजिंठ्यास सौंदर्य पाहावयास गेलेला प्रेक्षक येथें क्षणभर दचकतो. मठांत, निर्वाणाच्या वाटेवर, हें व्यंगचित्र कशासाठीं? विश्वंतराचें दान थोर ठरावयाचें तर घेणारा नीच असला पाहिजे, हें कथेचें उत्तर झालें. परंतु कथेला एवढाच नीच पुरला असता. चित्रकाराला याहून पुष्कळ अधिक दिसलें होतें. असा मनुष्य त्यानें बाजारांत पाहिलेला आहे, कदाचित् त्याच्याकडूनच रंगाचे पैसे घेतांना पाहिला असेल. येथें शास्त्र संपतें आणि माणूस सुरू होतो.

आतां तेथून ओसरीवर येऊन मागील भिंतीवर पाहावें. मंडपांत एक राजबिंडा तरुण आपल्या स्त्रीला जवळ घेऊन बसला आहे. तिचें अंग सैल पडलें आहे, तो तिच्यापुढें प्याला धरतो आहे. पुष्कळ अभ्यासक ही जोडी विश्वंतर-माद्रीचीच मानितात, वनवासाची वार्ता सांगण्याचा प्रसंग म्हणून. हा आणि जूजकाचा चित्रकार एकच असेल काय? प्रथमदर्शनीं वाटतें, छे. एक हात करुणेचा, दुसरा थट्टेचा. परंतु हाच तर तो सांपळा आहे! स्वभाव ही पुराव्याची जागा नव्हे. आपल्याकडील समीक्षेनें ग्रंथकारांच्या बाबतींत हा सांपळा किती वेळां आपल्या पायांत अडकवून घेतला आहे, हें वाचक जाणतातच. थट्टा करणारा रडूं शकत नाहीं असें मानलें कीं निम्मे नाटककार दोन दोन करावे लागतील. दोन्ही ठिकाणीं शेवटची रेषा एका दमांत ओढलेली आहे, जाड-बारीक होत जाते, आणि वळणावर कचरत नाहीं. दोन्ही ठिकाणीं आकृती एकमेकींच्या आड जातात तरी कोणाचा हात कोणाचा हा गोंधळ होत नाहीं. आम्ही तरी हा एकच उस्ताद मानण्याकडे झुकतों.

याच लेण्यांत अंतराळाच्या भिंतीवर जें सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे तें मात्र आमच्या मतें त्याचें नव्हे. तेथें बुद्ध भिक्षापात्र घेऊन आपल्याच घरीं आला आहे, व समोर यशोधरा राहुलाला पुढें करून उभी आहे. बुद्ध प्रचंड, मायलेंकरें त्याच्या गुडघ्यांशीं यावीं एवढीं. दोघांचीहि मान वर. या चित्रापुढें उभे राहिलें असतां बोलणें थांबतें, हें आम्हीं अनेक वेळां अनुभविलें आहे. पण ही महत्ता निराळ्या जातीची आहे. येथें गर्दी नाहीं, एकामागें एक आकृती नाहीं, क्षणाची चंचलता नाहीं. जें कांहीं आहे तें प्रमाणांत आहे, लहान आणि मोठें यांच्या अंतरांत आहे. जूजकाच्या चित्रकारास माणसें एकमेकांत मिसळलेलीं पाहावयास आवडतात; या दुसऱ्यास तीं वेगळीं ठेवून मधली मोकळी जागा बोलकी करावयाची आहे. बर्लिन-चित्रकारानें काळ्या भूमीवर एकेकटी आकृती सोडून जें साधलें, त्याच्याशीं याचें नातें अधिक जवळचें. आणि उजव्या भिंतीवरची सिंहलाची कथा पाहावी, तर तेथें हत्ती-घोडे, नावांतून उतरणारें सैन्य, राक्षसींचा संहार असा कल्लोळ आहे कीं तेथें तिसरा आणि चौथा हातहि असल्यावांचून तें काम उरकलें नसतें. वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांचें मत खरें मानिलें, तर पांचव्या शतकांतील हीं सारीं लेणीं सुमारें ४६२ ते ४८० एवढ्या अल्प काळांत झालीं. सर्व विद्वानांस हें मान्य नाहीं. परंतु त्यांचें निम्में जरी खरें असलें तरी हे चित्रकार एकमेकांस ओळखत होते, एकमेकांच्या भिंती पाहत होते आणि बहुधा एकमेकांस नांवेंहि ठेवीत होते. युथिमिदीस आणि युफ्रॉनिओस येथेंहि होते. फरक इतकाच कीं येथल्या युथिमिदीसाला आपली फुशारकी लिहून ठेवण्याची सोय नव्हती.

षड्दंत हत्तीची कथा दहाव्या लेण्यांत आहे व सतराव्यांतहि आहे. दोहोंमध्यें पांचएक शतकांचें अंतर. दहाव्यांत हत्तींचा कळप वडाखालीं गर्दी करून आहे आणि सुळे समोर येतांच राणी मूर्च्छित होते. रेषा ठाम, थोडी ताठ, कथा सांगून मोकळी होणारी. सतराव्यांतला पांढरा गजराज मारेकऱ्यापुढें नमतो तेव्हां त्याच्या देहाचा भार आपल्या खांद्यांवर जाणवतो. विषय तोच, कड्याचा खडक तोच. जे लोक 'अजिंठ्याची शैली' असा एकेरी शब्द वापरतात त्यांनीं या दोन भिंतींमधील अंतर पायीं चालून पाहावें. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं आम्ही आणखी भर घालीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं त्याची खालीं झुकलेली पापणी व वज्रपाणीच्या अंगावरील दागिन्यांची दाटी हीं एकाच मनांतून निघालीं आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. दुसऱ्या लेण्यांतील हंसांची रांग ज्यानें काढली तो चौथाच कोणी, आणि आनंदी.

नांव कळणार नाहीं, मग या उठाठेवीचा उपयोग काय, असें कोणी म्हणेल. उपयोग असा कीं 'अजिंठा' हा शब्द उच्चारून आपण माणसांचा एक मोठा समुदाय धुक्यांत लोटून देतों, आणि वर त्या धुक्याला अध्यात्म म्हणतों. एक हात दुसऱ्यापासून निराळा पाडला कीं लागलीच चांगलें-वाईट बोलतां येतें. कोणी कोठें फसला, कोणी उसनें घेतलें, कोणी एक पाऊल पुढें टाकलें, हें म्हणतां येतें. तशी टीका आपण आपल्या कवींस आणि नटांस देतों. ती या लोकांस नाकारणें हा त्यांचा सन्मान नव्हे. म्हणून बीझलींचा कित्ता गिरवून आम्ही त्या पहिल्या उस्तादास 'जूजक-चित्रकार' असें नांव देऊन ठेवतों. नांव सुंदर नाहीं, ब्राह्मणाच्या तुटक्या दांतांवरून पडलेलें आहे. पण खऱ्या नांवाच्या अभावीं माणसाला हांक मारण्यापुरतें पुरे. ज्या वाचकांस अजिंठ्यास जाण्याचा योग येईल त्यांनीं ओसरीवरील स्त्रीचा कान आणि आंतील मुलांच्या आजाचा कान ताडून पाहावा, व आमचें मत चुकीचें ठरल्यास अवश्य कळवावें. आम्हींहि मागील खेपेस डोळेच पाहत बसलों. पुढील खेपेस प्रथम कान पाहणार आहों.

हिवरखेड.